उन्हाळ्यात डीटीवायमध्ये फ्लफ आणि टाइट स्पॉट: फ्रिक्शन युनिटच्या सगळ्या डिस्क बदलाव्यात का?

वणाकाठचा (हिंगणघाट तालुका)

नमस्कार. हिंगणघाटजवळ आमचे पॉलिस्टर धाग्याला कुरळेपणा देणारे, म्हणजे टेक्स्चरायझिंग करणारे, एक लहान युनिट आहे. हा सगळा भाग कापसाचा असल्यामुळे जिनिंगचा किंवा सूतगिरणीचा जाणकार इथे हाक मारली की मिळतो. परंतु फ्रिक्शन युनिट, म्हणजे फिरत्या डिस्कनी धाग्याला पीळ देणारा भाग, उघडून त्यातले दुखणे ओळखणारा माणूस जवळपास नाही आणि दर वेळी सुरतेहून मेकॅनिक बोलवावा लागतो. म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

मशीन सेकंडहँड घेतलेले आहे आणि एका बाजूची सगळी स्पिंडल एकाच पट्ट्यावर चालतात. २५५ डेनिअर (धाग्याच्या जाडीचे माप), ४८ फिलामेंटच्या (सलग बारीक तंतूंच्या) पीओवायपासून, म्हणजे अर्धवट ताणलेल्या धाग्यापासून, आम्ही १५० डेनिअरचा डीटीवाय, म्हणजे ताणून कुरळा केलेला धागा, काढतो. वेग मिनिटाला ६०० मीटर, ड्रॉ रेशो (ताणण्याचे प्रमाण) १.७०, पहिला हीटर २०५ अंशांवर, डिस्कची मांडणी १-६-१ (वर-खाली एकेक गाइड डिस्क, मधे कामाच्या सहा). कामाच्या सहाही डिस्क पॉलियुरेथेनच्या असून त्यांचा व्यास ५२ मिलिमीटर आहे. हिवाळ्यात डी-वाय रेशो (डिस्कच्या कडेचा वेग भागिले धाग्याचा वेग) १.७५ होता आणि माल व्यवस्थित निघत होता.

फेब्रुवारी संपता संपता काही ठरावीक पोझिशनच्या चीजवर, म्हणजे गुंडाळलेल्या धाग्याच्या पॅकेजवर, फ्लफ (तुटलेल्या तंतूंचा फुलोरा) दिसू लागला. मेकॅनिकच्या सल्ल्याने डी-वाय १.९० केला, त्याने फ्लफ कमी झाला, पण गेला नाही. एप्रिल लागल्यापासून आणखी एक त्रास सुरू झाला आहे. दुपारच्या पाळीत, बाहेरचे तापमान ४३-४४ अंशांवर गेले की, धाग्यात टाइट स्पॉट (पीळ न उलगडलेल्या घट्ट जागा) येतात आणि ते पूर्वी अगदी निर्दोष असलेल्या पोझिशनवरही येतात. रात्रपाळीत त्यांचे प्रमाण फारच कमी असते. टेन्शन मीटरने पाहिले तर टी-१ (युनिटच्या आधीचा धाग्याचा ताण) सगळीकडे ४२ ते ४५ ग्रॅम आहे. टी-२ (युनिटनंतरचा ताण) मात्र फ्लफवाल्या पोझिशनवर ५२ ते ५५ ग्रॅम आणि बाकीच्यांवर ३० ते ३२ ग्रॅम आहे.

मेकॅनिक म्हणतो की सगळ्या डिस्क बदला. मालक म्हणतात की बदलायच्याच असतील तर सिरॅमिकच्या बसवा, म्हणजे पुन्हा पुन्हा खर्च नको. खर्च मोठा असल्यामुळे त्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

धागादोरा (अमरावती)

टाइट स्पॉट म्हणजे पीळ नीट सेट होत नाही. पहिला हीटर पाच-सात अंशांनी वाढवून पाहावा. सिरॅमिक डिस्क वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे मालकांचे म्हणणेही मला पटते.

जुना मास्तर (अचलपूर)

वरच्या दोन्ही सल्ल्यांशी मी सहमत नाही. मात्र कारण सांगितल्याशिवाय असहमती दाखवणे बरे नव्हे, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

दोरीची दोन्ही टोके दोघांनी घट्ट धरावीत आणि तिसऱ्याने ती मधोमध पकडून फिरवावी, म्हणजे एका बाजूला उजवा आणि दुसऱ्या बाजूला तितकाच डावा पीळ चढतो. एकूण बेरीज शून्य. दोरी पुढे सरकत असेल तर अलीकडच्या बाजूला चढलेला पीळ मधला हात ओलांडताच उलगडतो. फॉल्स ट्विस्ट तो हाच. फ्रिक्शन युनिट हा मधला हात, आणि त्याच्या अलीकडे हीटर व कूलिंग प्लेट. पीळ युनिटपासून मागे सरकत कूलिंग प्लेटवरून हीटरमध्ये जातो. तिथे पिळलेल्या अवस्थेत फिलामेंट तापतात, प्लेटवर थंड होऊन तो आकार धरून ठेवतात आणि युनिटच्या पुढे पीळ निघून गेला तरी त्यांचा कुरळेपणा, म्हणजे क्रिंप, उरतो. पूर्वी पिळणे, वाफेने सेट करणे आणि उलगडणे ही तीन कामे वेगवेगळ्या मशीनवर होत असत. आता ती एका सलग वाटेत होतात, आणि म्हणूनच एका ठिकाणचा बिघाड दुसऱ्या ठिकाणी दिसतो.

आता आकडे पाहा. पॉलिस्टरसाठी मीटरमागे किती पीळ हवा याचे एक जुने सूत्र कारखान्यांत वापरले जाते: डेनिअरमध्ये ६० मिळवून त्या बेरजेने २,७५,००० ला भागायचे, आणि त्या भागाकारात ८०० मिळवायचे. १५० डेनिअरला हे उत्तर मीटरला सुमारे २,१०० पीळ असे येते. आपला धागा मिनिटाला ६०० मीटर धावतो, म्हणजे तो स्वतःभोवती मिनिटाला साडेबारा लाखांहून अधिक वेळा फिरला पाहिजे. जुन्या पिन स्पिंडलमध्ये धाग्याला पिनेभोवती एक वेढा देऊन ती नळीच फिरवत असत. ती आठ लाख फेऱ्यांच्या आसपास थकत असे, आणि त्यामुळे मशीनचा वेग तिथेच अडे. १९७०च्या दशकात पीओवायबरोबर फ्रिक्शन डिस्कचा प्रसार झाला त्याचे कारण हेच आहे. डिस्क धाग्याला पकडत नाही, ती त्याला आपल्या कडेवर लोळवते. आपल्या १.७५ डी-वायला डिस्कच्या कडेचा वेग मिनिटाला १,०५० मीटर होतो. ५२ मिलिमीटर व्यासाला हिशेब केला तर डिस्क मिनिटाला जेमतेम ६,४०० फेऱ्या फिरते. एवढ्या संथ डिस्ककडून धाग्याला लाखो फेऱ्या मिळतात, कारण धाग्याचा व्यास मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच असतो. घसरण बरीच होते, आणि ती हिशेबात धरलेलीच असते.

परंतु आपल्या प्रश्नाचे मर्म याच्या पुढे आहे. तीन स्पिंडल समभुज त्रिकोणात उभी असतात आणि त्यांच्या डिस्क एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे धागा त्यांच्या कडांवरून तिरपा, नागमोडी उतरतो. तो तिरपा असल्यामुळे कडेच्या वेगाचा एक भाग धाग्याला फिरवतो आणि दुसरा भाग त्याला पुढे ढकलतो. म्हणजे डिस्क दोन कामे करते: पीळ देणे आणि धागा वाहून नेणे. टी-२ हा मुख्यतः दुसऱ्या कामाचा आरसा आहे. डिस्कची पकड चांगली असेल तर ती धागा पुढे देते आणि टी-२ उतरतो. पकड गेली की पुढच्या शाफ्टला धागा ओढून काढावा लागतो आणि टी-२ चढतो.

तुमचे आकडे याच दृष्टीने वाचा. फ्लफवाल्या पोझिशनवर टी-२ आणि टी-१ यांचे गुणोत्तर १.२च्या वर आहे. तिथल्या डिस्कची पकड गेली आहे, धागा ओढला जात आहे आणि फिलामेंट तुटत आहेत. ही झीज व्यासातली नसते, हेही लक्षात घ्यावे. पूर्ण एक मिलिमीटर व्यास कमी झाला तरी कडेचा वेग केवळ दोन टक्क्यांनी घटतो, म्हणजे १.७५चा १.७१ किंवा १.७२. एवढ्याने एवढा फरक पडणार नाही. पृष्ठभाग चकाकून गुळगुळीत होणे आणि कडेचा गोलावा बदलणे, ही खरी झीज आहे, आणि ती व्हर्नियर लावून मोजता येत नाही.

बाकीच्या पोझिशनवर गुणोत्तर ०.७च्या आसपास उतरले आहे, आणि दुपारच्या टाइट स्पॉटचे निम्मे कारण मला तिथे दिसते. पट्टा एकच असल्यामुळे डी-वाय वाढवला तो सगळ्यांचाच वाढला. आजारी डिस्कना जे औषध दिले ते धडधाकट डिस्कनाही पाजले गेले. त्या आता गरजेपेक्षा जास्त धागा पुढे ढकलत आहेत. युनिटच्या पुढे धागा सैल पडला की पीळ नीट न उलगडता अधूनमधून पुढे निसटतो, आणि तेच कापडात टाइट स्पॉट म्हणून दिसते.

उरलेले निम्मे कारण उन्हात आहे. हीटरमधून निघालेला धागा डिस्कवर पोहोचेपर्यंत साधारण ८० अंशांच्या आसपास उतरलेला असावा लागतो, कारण पॉलिस्टर ७०-८० अंशांच्या वर मऊच राहते. कूलिंग प्लेटला स्वतःचे यंत्र नसते. ती खोलीच्या हवेवर अवलंबून असते. रात्री २८ अंशांच्या खोलीत जी प्लेट पुरते, ती दुपारी ४० अंशांच्या शेडमध्ये पुरणार नाही. धागा गरम आणि मऊ असतानाच डिस्कवर आला तर आकार बिघडतो आणि पॉलियुरेथेनही लवकर खराब होते. अशा वेळी हीटर आणखी वाढवणे म्हणजे प्लेटवरचा बोजा वाढवणे होय, म्हणून धागादोरा यांच्या सूचनेला माझा विरोध आहे.

यवतमाळकर (सध्या सुरत)

मास्तरांनी जे लिहिले आहे त्यात मला फक्त डिस्कच्या बाजूने भर घालायची आहे. मी अनेक वर्षे याच कामात आहे.

सिरॅमिक टिकते हे खरे, पण टिकणे हा एकच गुण पाहून ती घेऊ नये. तिची पकड पॉलियुरेथेनपेक्षा कमी असते, म्हणजे घसरण जास्त, आणि तितकाच पीळ मिळवायला डी-वाय व इतर सेटिंग पुन्हा बसवावी लागते. ती धाग्याला खरवडते, त्यामुळे युनिटखाली पांढरी भुकटी साचते, जिला इथे सगळे स्नो म्हणतात. जाड फिलामेंटच्या, कणखर मालाला सिरॅमिक चालून जाते. पण ४८ फिलामेंटचा साडीसाठी जाणारा धागा असेल तर पॉलियुरेथेन सोडण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या १-६-१ मांडणीतील वरची व खालची एकेक डिस्क ही गाइड डिस्क असते. ती गुळगुळीत, कठीणच असावी लागते. तिचे काम धाग्याला योग्य कोनात आत घेणे आणि बाहेर सोडणे एवढेच आहे.

सगळ्या डिस्क बदलण्याची गरज नाही. मात्र ज्या पोझिशनच्या बदलाल तिथल्या सहाही बदला. एकाच युनिटमध्ये तीन नव्या आणि तीन जुन्या ठेवण्याची काटकसर अनेक जण करतात. पकड असमान झाल्यामुळे धागा एका डिस्कवर चिकटतो आणि पुढच्यावर घसरतो, आणि मग टी-२चा काटा स्थिरच राहत नाही. नव्या डिस्कचा कठीणपणा जुन्यांइतकाच मागवावा; शोअर-ए मापात तो पुरवठादार लिहून देतो. डिस्क बसवताना दोन शेजारच्या डिस्कमधील फट सगळीकडे सारखी आहे ना, हे फीलर गेजने पाहावे. घाईत बसवलेला स्पेसर एवढासा तिरका असला तरी कडा घासतात.

आता थोडे स्पष्ट लिहितो. पॉलियुरेथेन डिस्क झिजून जितक्या जातात, त्याहून अधिक माणसांच्या हातून जातात. युनिटमध्ये गुंडाळलेला धागा कामगार ब्लेडने कापतो आणि डिस्कवर चरा पडतो. तो चरा पुढे प्रत्येक फेरीला फिलामेंट तोडत राहतो. त्यासाठी पितळी हुक द्यावा, ब्लेड युनिटजवळ येऊच देऊ नये. दुसरे म्हणजे थिनरने पुसणे. थिनरने डिस्क क्षणभर स्वच्छ व चकचकीत दिसते, पण पॉलियुरेथेन फुगते आणि त्याचा कठीणपणा जातो. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे, आणि डिस्क पूर्ण कोरडी झाल्याशिवाय युनिट चालू करू नये.

वणाकाठचा (हिंगणघाट तालुका)

दोघांचेही मनापासून आभार. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे टी-२ पोझिशननिहाय वहीत लिहून काढला. ज्या पोझिशन ५० ग्रॅमच्या वर आहेत त्या सगळ्या मशीनच्या एकाच टोकाला, पट्ट्याच्या मोटरपासून लांबच्या बाजूला दाटलेल्या आहेत. केवळ दोन-तीन इकडे-तिकडे विखुरलेल्या आहेत. याला काही अर्थ असावा का? दुसरे असे की, शेडमधील उष्मा कमी व्हावा म्हणून आम्ही क्रीलच्या (पीओवायच्या बॉबिन लावायच्या चौकटीच्या) मागे दोन मोठे कूलर लावले आहेत. त्याने माणसांना बरे वाटते, परंतु टाइट स्पॉटमध्ये फरक पडला नाही.

जुना मास्तर (अचलपूर)

अर्थ नक्कीच आहे. विखुरलेल्या पोझिशन डिस्कच्या दोषाने आजारी असतील. एका टोकाला दाटलेल्या मात्र बहुधा पट्ट्याच्या दोषाने. पट्टा सैल झाला किंवा त्यावर तेल बसले की लांबच्या स्पिंडलना पूर्ण वेग मिळत नाही, आणि कमी वेग म्हणजे कमी डी-वाय, म्हणजे चढलेला टी-२. स्ट्रोबोस्कोप किंवा प्रकाशावर चालणारे टॅकोमीटर घेऊन दोन्ही टोकांच्या स्पिंडलच्या फेऱ्या मोजा. १.९० डी-वायला त्या मिनिटाला सुमारे ७,००० असायला हव्यात. लांबच्या टोकाला साडेसहा हजार निघाल्या, तर डिस्कला हात लावण्याआधी पट्टा, त्याचा ताण आणि दाबरोलर पाहावेत. हे मोजमाप तुमच्या मेकॅनिकने आधी का केले नाही, हा प्रश्न मी विचारत नाही, पण मालकांनी विचारायला हरकत नाही.

सूतगिरणीवाला (वर्धा)

टेक्स्चरायझिंग हा माझा विषय नाही. आयुष्य कापसाच्या सुतात गेले. तरी कूलरचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले.

कूलरच्या झोतासमोर क्रील ठेवणे मला धोक्याचे वाटते. झोत ज्या बॉबिनवर पडतो ती ओलसर व थंड, आणि पलीकडची तापलेली, अशी स्थिती होते. शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षारयुक्त तुषार पॅकेजवर बसतात. आपल्याकडच्या हवेचा एक फायदा मात्र जरूर घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील हवा इतकी कोरडी असते की पाण्याच्या बाष्पीभवनाने ती भरपूर थंड होते. ४४-४५ अंशांची आणि पंधरा टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या एअर वॉशरमधून काढली तर ती २७-२८ अंशांपर्यंत उतरू शकते. सूतगिरण्यांतील ह्युमिडिफिकेशन प्लांट याच तत्त्वावर चालतात. मुंबई-सुरतेच्या दमट हवेत हा उपाय एवढा लागू पडत नाही, म्हणून तिकडचे मेकॅनिक तो सुचवत नसावेत. थंड हवा डक्टमधून वरून, संथपणे आणि सगळीकडे सारखी सोडावी. थेट धाग्यावर नको. त्याने स्थिर विद्युतही कमी होईल. कोरड्या हवेत पॉलिस्टरची फिलामेंट एकमेकांपासून फिस्कारतात, आणि तुमच्या फ्लफमध्ये तिचाही वाटा असू शकतो.

यवतमाळकर (सध्या सुरत)

वर्ध्याच्या भाऊंचे म्हणणे योग्य आहे आणि त्याला पीओवायची बाजू जोडतो. पीओवाय हा अर्धवट ताणलेला धागा असल्यामुळे तो साठवणीत बदलत राहतो, आणि उष्णतेत ते बदल लवकर होतात. पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात पडून राहिलेला लॉट आणि बुटीबोरीहून कालच आलेला लॉट एकाच मशीनवर एकाच सेटिंगला लावले, तर टी-१ सारखा येणार नाही आणि रंगवल्यावर पट्टे दिसतील. आधी आलेला माल आधी वापरावा, लॉट मिसळू नयेत आणि साठवण शेडच्या गार बाजूला करावी. कूलिंग प्लेटही पुसून घ्या. हीटरमधून उडालेल्या स्पिनफिनिशचा, म्हणजे धागा बनवताना लावलेल्या तेलाचा, चिकट थर तिच्यावर बसतो, आणि त्यामुळे धागा थंड होण्यात अडथळा येतो तो येतोच, शिवाय पीळ मागे हीटरपर्यंत पोहोचण्यातही येतो.

मागवाला (पवनी)

मी धागा घेणारा माणूस आहे, म्हणून एकच विनंती करतो. हे सगळे दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक चीजवर पोझिशन क्रमांक आणि पाळी लिहून पाठवावी, आणि दुपारचा माल रात्रीच्या मालात मिसळू नये. एस आणि झेड (एकमेकांच्या उलट दिशेच्या) पिळाच्या चीजना वेगळ्या रंगाच्या नळ्या वापरता, तसेच हेही करता येईल. शंका असलेल्या पोझिशनच्या धाग्याची छोटी होज (नळीसारखे कापड) विणून गडद निळ्या रंगात रंगवून पाहिली तर दोष तुमच्याच दारात कळेल. माझ्या मागावर तो कळतो तेव्हा साडी निम्मी विणून झालेली असते आणि मजुरी दिलेली असते.

वणाकाठचा (हिंगणघाट तालुका)

फेऱ्या मोजल्या. मोटरजवळ ६,९५०, लांबच्या टोकाला ६,५०० ते ६,६००. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तेलाचा थर होता आणि दाबरोलरांपैकी काहींची बेअरिंग जड झालेली आढळली. नवा पट्टा मागवला आहे. तोपर्यंत डी-वाय १.९० वरच ठेवावा की खाली आणावा?

जुना मास्तर (अचलपूर)

पट्टा येईपर्यंत लांबच्या टोकाच्या पोझिशन बंद ठेवा आणि उरलेल्यांसाठी डी-वाय १.७५वर आणा, उत्पादन घटेल, पण बाजारातून परत येणारा माल निघणार नाही. पट्टा, रोलर आणि बेअरिंग बदलल्यावर दोन्ही टोकांच्या फेऱ्या पुन्हा मोजा, आणि त्या जुळल्यानंतरच टी-२ची नवी यादी करा. त्या यादीत ज्या पोझिशन तरीही ४८-५० ग्रॅमच्या वर राहतील, तेवढ्यांच्याच डिस्क मागवा. त्या युनिटच्या डिस्क काढल्यावर बाहेर पडण्याच्या बाजूची गाइड डिस्कही तपासून घ्या. धुतलेल्या कापसाचा छोटा बोळा तिच्या कडेवरून अलगद फिरवावा. जिथे तंतू अडकतो तिथे चरा आहे, आणि ती डिस्क पॉलियुरेथेनची नसली तरी बदलावीच लागेल. बोळ्यासाठी कापूस तुम्हाला बाहेरून मागवावा लागणार नाही, एवढी सोय हिंगणघाटात आहेच.